चंद्ररेघ, डाव्या फऱ्यावर

डागायचं लोखंड तापून लाल झालं होतं. वाडग्यात चौसष्ट वासरं आयांच्या नावानं ओरडत होती, शेजारपाजारचे वीस-बावीस जण घोड्यांवर दोऱ्या घेऊन तयार बसले होते, आणि अशा वेळी मला आर्डिस टॅगार्टला जाऊन सांगावं लागलं, की बाई, शेगडी विझव. हा डाग आता तुझा नाही.

मी आमच्या वॉर्म क्रीक खोऱ्याचा डाग-तपासनीस. एकतीस वर्षं हेच करतोय. कुणाचंही जनावर विकायचं किंवा जिल्ह्याबाहेर न्यायचं तर आधी मी त्याच्या फऱ्यावरची खूण बघतो, ती कुणाच्या नावावर आहे ते कागदावर ताडून पाहतो आणि मग सही करतो. मोंटानात कुंपणं आली, मोबाइल आले, पण गुरंचोर काही गेले नाहीत, म्हणून माझी नोकरी टिकली. लोक मला ऑर्व्हल म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आर्डिसचा डाग म्हणजे चंद्ररेघ. उताणी पडलेली चंद्राची कोर आणि खाली एक आडवी रेघ, डाव्या फऱ्यावर. तिच्या आजोबांनी तो नोंदवला तेव्हा या खोऱ्यात रस्ताही नव्हता. तुम्ही रात्री-अपरात्री शंभर मैल लांबच्या बाजारात गेलात आणि डाव्या फऱ्यावर चंद्ररेघ दिसली, तर माणसं म्हणायची, टॅगार्टांची गाय, म्हणजे पाय धड असणार. आमच्याकडे माणसाचं नाव दारावर नसतं, गाईच्या अंगावर असतं.

"कुणाचा नाही म्हणालास?" तिनं मला विचारलं. हातातलं लोखंड तसंच होतं.

"तुझा नाही. मागच्या आठवड्यात कागदोपत्री रॉइस प्रुइटच्या कंपनीच्या नावावर लागला. वेन्डलनं हिवाळ्यातच खरेदीखतावर सही केलीय."

वेन्डल तिचा धाकटा भाऊ. म्हाताऱ्या टॅगार्टनं मरताना वरची कोरडी पठारं मुलीला दिली, आणि नदीकाठची जमीन, राहतं घर आणि डाग मुलाला. मुलगा म्हणून. गुरं सांभाळायची आर्डिसनं, बर्फात रात्र काढून अडलेल्या गाई सोडवायच्या आर्डिसनं, आणि डाग मात्र अशा माणसाच्या नावावर, ज्याला गाईच्या मागच्या बाजूला उभं राहायची भीती वाटायची. तीस वर्षं ती त्याच डागानं आपली वासरं डागत होती. भावाचं काय आणि आपलं काय, असं धरून चालली. मग वेन्डलचा खुबा गेला, त्याला ऍरिझोनात उन्हात जाऊन राहायचं सुचलं, आणि त्यानं नदीकाठ विकायला काढला. दलाल होता रॉइस प्रुइट, आणि घेणारी कंपनीही त्याचीच. खरेदीखताच्या अकराव्या पानावर पाण्याची टाकी, लाकडी फाटक आणि दोन जुनी खोगिरं यांच्या यादीत एक ओळ होती, 'चंद्ररेघ डाग, हक्कांसह'. वेन्डलनं अकरावं पान वाचलं नसणार. त्यानं पहिलं पान तरी वाचलं असेल का, याचीही मला शंका आहे.

आणि हा रॉइस कुठून आला? सतराव्या वर्षी एका फाटक्या बॅगेसह टॅगार्टांच्या फाटकात आला. बापानं हाकलून दिलेला. म्हाताऱ्यानं त्याला गड्यांच्या खोलीत ठेवून घेतलं. अकरा वर्षं तो तिथं राहिला. घोड्यावर बसणं, फास टाकणं, लोखंड किती लाल झालं की कातडीला लावायचं, हे सगळं म्हाताऱ्यानं त्याला शिकवलं. लोखंड जास्त वेळ धरलंस तर वासराला जखम होते, कमी धरलंस तर केस जळतात आणि डाग उठत नाही, हे तो त्याच वाडग्यात शिकला. म्हणजे डाग काय असतो हे ज्याला कळत नाही असा हा माणूस नव्हता. त्याला पक्कं कळत होतं. म्हणूनच त्यानं ती ओळ घातली.

आर्डिसनं लोखंड पाण्याच्या बादलीत बुडवलं. वाफ आली. मग ती जमलेल्या लोकांना म्हणाली, "लस टोचा, कानाला बिल्ले लावा, सोडून द्या. आज डागायचं नाही." माणसं कामाला लागली. मी तर माझ्या पिकअपमध्ये जाऊन बसलो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. रोडिओच्या खेळांत उधळत्या बैलावर बसणाऱ्या एका देखण्या माणसाशी तिनं दोन वर्षं संसार केला होता आणि मग त्याचं सामान त्याच्याच खोगिरावर बांधून त्याला वाटेला लावलं होतं. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, तोही वाईट, पण तिला तसं सांगायची आमच्या पाद्रीबाबांची हिंमत नव्हती. तिला रडताना मी त्या दिवशी पाहिलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी ती रॉइसकडे गेली. मला सोबत घेऊन गेली, साक्षीला म्हणून. तोवर टॅगार्टांच्या राहत्या घराचं विक्री-ऑफिस झालं होतं. म्हाताऱ्याच्या झोपायच्या खोलीत एक मोठं टेबल, त्यावर अख्ख्या नदीकाठाचा नकाशा, आणि नकाशावर वीस-वीस एकरांचे चौकोन. 'चंद्ररेघ रँच वसाहत, अस्सल काउबॉय वारसा'. बाहेर फाटकावर लोखंडी कमान चढवली होती आणि तिच्यावर घोड्याएवढी मोठी चंद्ररेघ लटकत होती. रात्री तिच्यात दिवा लागायचा.

"ये ये आर्डिस," रॉइस म्हणाला. "कॉफी घेशील?"

"डाग परत दे."

"बस तर खरी."

"मला नदीकाठ नको. घर नको. तू विकत घेतलंस, तुझं तुला लखलाभ. डाग तेवढा माझ्या नावावर कर. तुझ्याकडे एक तरी गाय आहे का?"

रॉइस हसला. दात नवे बसवून घेतले होते. "गाय कशाला हवी? लोक इथं कॅलिफोर्नियातून येतात, सिएटलहून येतात. त्यांना नुसती जमीन नको असते गं. त्यांना गोष्ट हवी असते. ही कोर आणि ही रेघ म्हणजे ती गोष्ट आहे. तरी पण तुझ्यासाठी एक मार्ग आहे."

"बोल."

"दर शनिवारी गिऱ्हाइकं येतात. तू ती तुझी जुनी हॅट घालून, घोड्यावर, फाटकापाशी तासभर उभी राहा. काही बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं. लोकांना अस्सल माणूस बघायला आवडतो. तेवढं कर, मी दर वसंतात तुला लेखी परवानगी देतो, लाव तुझ्या वासरांना डाग हवे तितके."

मला वाटलं, ती टेबल उलथून टाकणार. मी टेबलाच्या कडेला हात ठेवला सुद्धा. पण आर्डिस त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं अगदी सहज विचारलं, "नोंदणी कुठल्या सालापर्यंत आहे रे याची?"

"असेल चार-पाच वर्षं," रॉइस म्हणाला. "ते सगळं ऑफिसात बघतात."

"बरं," ती म्हणाली, आणि आम्ही बाहेर पडलो.

पिकअपमध्ये तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "चार वर्षं. तोवर मी मरणार नाही, ऑर्व्हल. मी ठरवलंय."

तिनं नवा डाग नोंदवला. पेटीचा आकार आणि शेजारी साताचा आकडा. तिला तो कधी आवडला नाही. दर मे महिन्यात वासरांवर तो उमटताना ती दुसरीकडे बघायची. बाजारात कुणी विचारलं, ही कुणाची गाय, तर लोक म्हणायचे, माहीत नाही बुवा, कुणीतरी नवीन आलेलं दिसतंय. हे तिला कुणीतरी येऊन सांगितलं. असल्या गोष्टी सांगायला माणसं आवर्जून येतात.

इकडे वसाहत वाढत होती. नवीन लोक आले. बिचारे चांगलेही होते त्यातले काही. पण एकानं शेरीफकडे तक्रार केली, की शेजारच्या गाईंना वास येतो. दुसऱ्यानं विचारलं, की कोंबडा पहाटे चारला ओरडतो त्याला काही बटण आहे का. रॉइस त्या सगळ्यांना नव्या बुटांत आणि नव्या हॅट्समध्ये फिरवायचा आणि स्वतःच्या बालपणाच्या गोष्टी सांगायचा. त्या सगळ्या म्हाताऱ्या टॅगार्टच्या होत्या. बर्फाच्या वादळात गाभण गाय खांद्याला दोर बांधून ओढत आणली ती गोष्टसुद्धा त्यानं स्वतःच्या नावावर केली. डाग कागद करून घेतला, गोष्टी फुकटच नेल्या.

आता माझं सांगतो, कारण न सांगता पुढे गेलो तर ते खोटं होईल. माझ्या वडिलांची जमीन वीस वर्षांपूर्वी मीच विकली होती, आणि रॉइसमार्फतच विकली होती. त्यानं मला बंदूक लावली नव्हती. तिथं आता एका सिनेमावाल्याच्या घोड्यांसाठी पोहायचा तलाव आहे. घोड्यांसाठी! मी त्या रस्त्यानं जातो तेव्हा मला माझाच राग येतो, आणि स्वतःचा राग माणसाला फार दिवस बाळगता येत नाही, म्हणून मी तो रॉइसच्या खात्यावर टाकला होता. टाकायला तो बरा होता.

आमच्या राज्यात डागाची नोंदणी दर दहा वर्षांनी नवी करावी लागते. पशुधन खात्याकडून पत्र येतं. पत्रं हरवतात, म्हातारी माणसं विसरतात, म्हणून त्या वर्षीच्या शरदात मी खोऱ्यातल्या एकेकाला फोन करतो. हे माझ्या नोकरीत कुठंही लिहिलेलं नाही. माझ्या आधीचा तपासनीस करायचा, त्याच्या आधीचा घोड्यावरून घरोघर जायचा. खोऱ्यात कुणाचाही डाग विसरभोळेपणानं बुडता कामा नये, अगदी ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचाही नाही, असा आमचा रिवाज आहे. साठ वर्षांत एकही बुडला नव्हता.

चौथ्या वर्षीच्या नोव्हेंबरात आर्डिस माझ्या स्वयंपाकघरात आली. बाहेर ओला बर्फ पडत होता. तिनं बूट दारात काढले आणि खुर्चीत बसली.

"फोन झाले का तुझे?"

"सात-आठ राहिलेत."

"रॉइस?"

"उद्या करतो." मी तिच्याकडे बघितलं नाही. "त्याला पत्रही गेलंय. भरलेलं नाही अजून. त्याच्या ऑफिसातल्या बाईला विचारलं मी सहज, तर ती म्हणाली, वकिलाकडून सगळं नोंदवून घेतलंय. टोप्यांसाठी, कॉफीच्या मगांसाठी, टी-शर्टांसाठी. तिला वाटतं तेच हे."

"आणि गुरांसाठीचं?"

"ते पत्र तिनं जुन्या कागदांत टाकलंय. रॉइस तिला म्हणाला म्हणे, गुरांचं आपलं काही नाही."

आर्डिसनं मी दिलेला कॉफीचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "ऑर्व्हल, मी तुझ्याकडे आजपर्यंत काही मागितलं नाही."

"मागू नकोस. साठ वर्षांचा रिवाज आहे."

"रिवाज शेजाऱ्यांसाठी आहे. तो शेजारी आहे का?"

ती बूट घालून गेली. दुसऱ्या दिवशी मी उरलेले फोन केले. सात केले. आठवा केला नाही. हात फोनवर ठेवला होता, हे सांगतो, पण ठेवला होता म्हणून काही कुणाचं पुण्य जमा होत नाही. डिसेंबर संपला. मुदत संपल्यावर खातं अजून काही महिने थांबतं. तेही संपले. ज्या दिवशी चंद्ररेघ मोकळी झाली, त्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधी आर्डिस राजधानीतल्या पायऱ्यांवर उभी होती. दोनशे मैल गाडी चालवून गेली होती. मेच्या अखेरीला तिच्या नावानं कागद आला. चंद्ररेघ, डाव्या फऱ्यावर, आर्डिस टॅगार्ट.

मला वाटलं, झालं. आता ती रॉइसला जाऊन सांगेल. मी तसं म्हणालोही.

"घाई काय आहे?" ती म्हणाली. "जूनमध्ये त्याची जत्रा आहे ना."

जत्रा म्हणजे वसाहतीचा वारसा-मेळावा. त्या वर्षी शेवटचे प्लॉट विकायचे होते आणि रॉइसला नवीनच कल्पना सुचली होती. त्यानं कुठूनतरी बेचाळीस वासरं विकत आणली होती आणि जाहिरात केली होती, की या, स्वतःच्या हातानं वासराला अस्सल चंद्ररेघ डाग लावा. कुटुंबासह. फोटो काढायची सोय आहे.

आता जी गोष्ट मी लिहितोय ती आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळते. दुसऱ्याच्या नावावरचा डाग जनावराच्या अंगावर उठवणं म्हणजे चोरी. चूक नव्हे, दंड भरून सुटण्यासारखं नव्हे. तुरुंग. आमच्या आजोबांच्या काळी तर शेरीफची वाटसुद्धा बघत नसत.

शनिवारी दुपारी आर्डिसनं पिकअप कुंपणाबाहेर रस्त्यावर उभा केला. मी तिच्या शेजारी बसलो होतो. आत दोनशेएक माणसं असतील. रॉइस पांढऱ्या घोड्यावर, पांढऱ्या हॅटमध्ये, हातात माइक. भाड्यानं आणलेले तीन पोरगे वासरं ओढून आणत होते आणि एकेक गिऱ्हाईक लोखंड धरून खिदळत होतं. पहिलं वासरू ओरडलं, धूर निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"चल," मी म्हणालो. "झालं तेवढं पुरे. कागद दाखव."

"एक झालं तर म्हणतील चुकून झालं."

पाच झाली. दहा झाली. मला घाम फुटला. "आर्डिस, अगं, बास."

"गप बस आणि मोजत राहा. तुला मोजायचा पगार मिळतो."

लोखंड धरणारे शिकाऊ होते, वासरांची कातडी जास्त जळत होती. तिला ते सहन होत नव्हतं, तिच्या जबड्यावरून दिसत होतं. तरी ती बसून राहिली. मधेच एका बाईला लोखंड जड झालं तर रॉइस घोड्यावरून उतरला आणि स्वतः त्यानं डाग लावला. फार छान लावला. म्हाताऱ्यानं शिकवलेला हात. नंतरची सहा-सात त्यानंच लावली, मजा वाटली असावी. बेचाळिसावं वासरू उठून पळालं तेव्हा आर्डिसनं दार उघडलं.

ती गर्दीतून सरळ त्याच्यापर्यंत गेली. रॉइसनं माइकवरच सुरुवात केली, "आणि मंडळी, ही बघा, ज्यांच्या घराण्याचा हा डाग..."

"होय, माझा," आर्डिस म्हणाली. माइक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. तिनं कागद त्याच्या छातीशी धरला. "वाच. तारीख वाच. मोठ्यानं वाच, लोकांना गोष्टी आवडतात म्हणालास ना?"

त्यानं वाचलं. मोठ्यानं नाही. त्याचा चेहरा बदलताना मी पाहिला, आणि मी चांगला माणूस असतो तर मला वाईट वाटलं असतं. मला इतकं बरं वाटलं की गुडघ्याचं दुखणं थांबलं.

"ऑर्व्हल," तो माझ्याकडे वळला, "तू मला फोन नाही केलास."

"नाही केला."

"तू सगळ्यांना करतोस!"

"शेजाऱ्यांना करतो," मी म्हणालो. वाक्य आर्डिसचं होतं, पण त्या वेळी ते माझ्या तोंडात चांगलं बसलं. मग मी वही काढली आणि बेचाळीस वासरं लिहून घेतली. साक्षीदारांची वानवा नव्हती. दोनशे माणसांनी फोटो काढले होते, त्यातल्या निम्म्यांत रॉइस हातात लोखंड घेऊन हसत होता.

पुढच्या आठवड्यात तो तिच्या घरी आला. तेव्हाही मी तिथं होतो, तिच्या पंपाचा वॉशर बदलत होतो. रॉइस हॅट हातात धरून दारात उभा राहिला.

"सरकारी वकील म्हणतो, तू हटून बसलीस तर खटला होणार. माझा दलालीचा परवाना जाईल. कदाचित तुरुंगही होईल. आर्डिस, मी चौसष्ट वर्षांचा आहे."

"मला माहीत आहे. तुझ्या अठराव्या वाढदिवसाला खोगीर दिलं होतं बाबांनी."

"घर देतो. राहतं घर, आजूबाजूची चाळीस एकर, नदीपर्यंत. कागद तयार आहेत. ऑफिस उद्या हलवतो. तुझ्या बाबांची खोली जशी होती तशी करून देतो."

मी पाना खाली ठेवला. अख्खं खोरं सांगेल, आर्डिसला ते घर किती हवं होतं. ती त्या घरात जन्मली होती. वरच्या पठारावरच्या या दोन खोल्यांत वारा भिंतीतून येतो. मी मनात म्हटलं, घे बाई, घे आणि संपव.

"त्या घरात तू बसून नकाशे काढलेस," ती म्हणाली. "ते आता पेटवून दिलं तरी मला त्याचा धूर नको. कमान उतरव. स्वतः चढून उतरव, क्रेन आणू नकोस. वसाहतीचं नाव बदल. आणि पाच वसंत माझ्या डागणीला यायचं. पाच. पहाटे पाचला हजर, संध्याकाळी मी सोडीन तेव्हा घरी. हे सगळं वकिलाकडून लिहून घे. एकदा जरी आला नाहीस, तर खटला."

त्याचा विश्वास बसेना. "एवढंच?"

"एवढंच. आणि ती बेचाळीस वासरं माझी. त्यांच्या अंगावर माझं नाव आहे."

रॉइसच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आभार मानत होता. मला तिचा रागच आला. चार वर्षं थांबून हे? पाच दिवसांची मजुरी? तो गेल्यावर मी तसं बोललो. ती म्हणाली, "वॉशर बसला का?"

त्यानं कमान उतरवली. शिडीवर चढून, लोखंड कापायची करवत घेऊन, आणि खोऱ्यातली निम्मी माणसं त्या दिवशी काही ना काही कामानं त्या रस्त्यानं जात होती. मी तीनदा गेलो.

मग मे आला. डागणीला माणूस पगारानं जात नाही. आज मी तुझ्याकडे, परवा तू माझ्याकडे. ज्याला डागणीचं बोलावणं येत नाही तो खोऱ्यात असून नसल्यासारखा, आणि रॉइसला चार वर्षं कुणी बोलावलं नव्हतं. त्या पहाटे तो पावणेपाचलाच आला. जुने बूट घातले होते. सगळ्यांना नावानं हाक मारत होता. कुणीकुणी उत्तरही दिलं. आर्डिसनं त्याच्या हातात लोखंड दिलं आणि म्हणाली, "सगळी तू लावायचीस."

त्यानं एकशे सहा वासरांना चंद्ररेघ लावली. वाकून वाकून पाठ मोडली असेल, पण एकही डाग वाकडा नाही, एकही जखम नाही. मी तपासून सांगतो, इतकी सुंदर डागणी मी तीस वर्षांत पाहिली नाही. शेवटी शेवटी तो त्या जुन्या हाकाही मारायला लागला, म्हातारा मारायचा तशा. तरुण पोरं त्याच्याकडे बघून शिकत होती. मला वाटलं, हेच तिच्या मनात होतं. त्याला परत माणसात घ्यायचं होतं. मीही थोडा विरघळलो, कबूल करतो.

काम संपलं. डागणीनंतर यजमानाकडे जेवण असतं आणि कुणीही डबा घेऊन येत नाही. आणला तर तो यजमानाचा अपमान. आम्ही नळावर रांगेनं हात धुतले, रॉइसनंही धुतले, कोपरापर्यंत साबण लावून. मग सगळे दाराकडे निघालो. आतून भाजलेल्या मांसाचा आणि पावाचा वास येत होता. लांब टेबलावर तेवीस ताटं होती. आम्ही चोवीस होतो.

आर्डिस दारात उभी होती. सगळ्यांना आत सोडलं. रॉइस समोर आला तेव्हा तिनं हात चौकटीला लावला.

"रॉइस, हात कशाला धुतलेस?"

त्याला आधी कळलंच नाही. तो हसला. मग त्यानं तिच्या खांद्यावरून टेबल पाहिलं, आणि ताटं मोजली असावीत.

"मी पहाटेपासून राबलोय, आर्डिस."

"हो. चांगलं केलंस काम. बाबांनी अकरा वर्षं या घराण्याचं अन्न घालून शिकवलंय तुला. ते पुरे झालं." आणि तिनं जाळीचं दार लावून घेतलं.

आमच्या खोऱ्यात बायकोला पळवून नेणाऱ्यालाही डागणीच्या दिवशी उपाशी पाठवत नाहीत. पाद्रीबाबांच्या बायकोनं एक ताट अर्धवट उचललं. आर्डिसनं तिच्याकडे पाहिलं, ताट खाली गेलं. खिडकीतून दिसत होतं, रॉइस पिकअपमध्ये बसला होता. त्याला जाता येत नव्हतं, कारण तिनं अजून सोडलं नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, ओले, आणि समोर बघत.

"गार होतंय," आर्डिस म्हणाली. "खा."

आम्ही खाल्लं. आधी हळूहळू, मग भूक लागली होती तसं. बटाट्याचं सॅलड चांगलं झालं होतं. मला लाज वाटली का? थोडी वाटली. पण मी मांस दोनदा घेतलं.

यंदाच्या मेमध्ये तो पुन्हा पावणेपाचला आला. आर्डिस वाडग्याकडे चालली होती. त्याच्या पिकअपजवळून जाताना तिनं काचेतून आत पाहिलं. सीटवर कागदात गुंडाळलेलं सँडविच आणि एक सफरचंद होतं.

"शिकतोय," ती मला म्हणाली, आणि शेगडी पेटवायला गेली.